सेहेचाळीस जणांनी घेतलेला यूपीएस

टोकावड्याच्या नाक्यावर एसटीच्या थांब्यामागे गाळ्यांची एक ओळ आहे. चहा, खत-बियाणं, सलून आणि शेवटी अनिता हरडचं दुकान. पाटीवर ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग’ मोठ्या अक्षरांत आहे आणि ‘झेरॉक्स’ त्याहून मोठ्या, कारण घर झेरॉक्सवर चालतं. दुकानात खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाची. अनिता उभ्यानं काम करते. एक प्रिंटर चालू असताना दुसरा उघडते, फोन मान आणि खांद्यामध्ये दाबून बोलते, मधेच बाहेर जाऊन कुठली गाडी लागली ते बघून येते. तिला स्वतःला कुठंही जायचं नसतं. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. तो म्हणतो, “लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या डोक्याला आहे.”

लग्नाआधी कल्याणला जाऊन तिनं हार्डवेअरचा कोर्स केला होता. तेव्हापासून सरळगावापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुणालाही कॉम्प्युटरचं काही घ्यायचं झालं, की आधी अनिताला विचारायचं असा रिवाजच पडला. सामान ती ठेवत नाही, ठेवायला जागा नाही. लोक मोबाइलवर मागवतात. कुठलं मागवायचं ते अनिता सांगते आणि आलं की जोडून देते.

सांगण्याची तिची एक रीत होती. ऑनलाइन दुकानात वस्तूखाली तारे असतात, त्यांच्याकडे ती बघायची नाही. जेवण झाल्यावर ढेकर द्यावा तसे लोक तारे देतात, असं तिचं मत. खोकं उघडलं, रंग आवडला, दिले पाच. लिहिलेले अभिप्रायही ती वाचायची नाही. लिहिणारा कुठला, त्याच्याकडची लाइट कशी, काय माहीत? ती बघायची ती त्याच्या खालची हिरवी ओळ: ‘मुरबाड-शहापूर परिसरात इतक्या जणांनी घेतला’. बोलणारा खोटं बोलेल, पण घेणारा खोटं कसं घेईल, हा तिचा हिशोब.

लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बाबतीत तर हा हिशोब तिला फारच पटत होता. त्याला कारण होतं भेंडी. भात निघालं की या पट्ट्यातल्या शेतांत भेंडी लागते आणि होळीपर्यंत पाण्याच्या मोटारी चालू राहतात. दुपारच्याला लाइट इतकी बारीक होते, की पंख्याची पाती वेगवेगळी दिसतात. पुण्या-मुंबईत चाललेला यूपीएस इथं चालेलच असं नाही. म्हणून इथल्याच लोकांनी, याच लाइटीवर, कुठला घेतला ते बघायचं. एका काळ्या, ठेंगण्या यूपीएसखाली तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहा जण होते. दुसऱ्या कशाखालीच ती ओळ नव्हती. मग तिनं तो सांगायला सुरुवात केली. गेल्या गणपतीपासून आकडा चढत गेला आणि माघात सेहेचाळीस झाला. दरवेळी आकडा बघून तिला बरं वाटायचं.

गुरुवारी सकाळी संजीवनीचा फोन आला. संजीवनी फर्डे ही अनिताच्या माहेरच्या गावातली, तानशाच्या बाजूला दिलेली. तिथल्या बचतगटानं मुलींसाठी अभ्यासिका काढली होती. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसनं बारा जुने कॉम्प्युटर दिले होते आणि मुली त्यांच्यावर भरतीच्या ऑनलाइन परीक्षांचा सराव करत होत्या. लाइट गेली की सगळं बंद. दीड तासाचा पेपर सोडवत आलेली पोरगी परत पहिल्या प्रश्नावर. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

“ताई, गटाचे पैसे सुटले. शनिवारी ऑर्डर टाकते. बारा नग. तोच ना, सेहेचाळीसवाला?”

“तोच.”

“बायकांना मी सांगून ठेवलंय. अनिताताईंनी सांगितलाय म्हटल्यावर कुणी काय बोललं नाय. एकदम सगळ्यांचे हात वर.”

अनितानं फोन ठेवला आणि तासाभरातच पंचायतीचा शिपाई नथू दुकानात आला. बगलेत तोच काळा यूपीएस. काउंटरवर आदळत तो म्हणाला, “ताई, हा तुमचा डबा मेला.”

“माझा कसला? पंचायतीचा.”

“घेताना तुमचा होता, मेल्यावर पंचायतीचा काय? वा!” नथूनं खुर्ची ओढली. “लाइट गेली का हा पहिला जातो, मग कॉम्प्युटर जातो. दाखले अडकलेत. ग्रामसेवक भाऊसाहेब माझ्यावर डाफरतात.”

तिनं चार स्क्रू काढले. आतली बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली होती. गणपतीनंतर घेतलेला, सहा महिन्यांतच अशी गत. लाइट बारीक झाली की हा टक् करून बॅटरीवर जायचा, सुधारली की टक् करून परत. दिवसभर तेच. दुपारभर टकटक ऐकून नथूनं त्याला सुतारपक्षी नाव ठेवलं होतं. अनितानंही ती टकटक ऐकली होती. काम चालू आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

“एखादा खराब निघतो,” ती म्हणाली.

“पंचायतीचाच बरा निघाला?” नथू म्हणाला आणि चहाला गेला.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. उताऱ्याच्या झेरॉक्स दोनदा निघाल्या. दिवाळीच्या सुमारास वैशाखऱ्याचा गणू फोनवर काहीतरी बोलला होता, ते तिला आठवलं: यूपीएस शिट्टी मारतो म्हणून. तेव्हा ती म्हणाली होती, “अरे, मारू दे.” एक मेला आणि एक शिट्टी मारतो. दोनच्या भरवशावर सेहेचाळीसांना खोटं ठरवायचं? आणि दोन असूनही संजीवनीला बारा घ्यायला लावायचे? दुपारी तिनं फोन दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. नको म्हणावं तर ‘का’ला उत्तर हवं.

संध्याकाळी ती माहेरी गेली. माहेर नाक्यापासून स्कूटीवर जवळच. वडील धाऊ ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. एके काळी म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला जाणारे लोक धाऊला सोबत नेत. तो दलाल नव्हता. नुसता बघायचा आणि सांगायचा.

“काय गो, अवेळी? दुकान जळालं काय?”

“बाबा, एका बैलाभोवती लय माणसं उभी असली तर तो बैल चांगला का?”

“कुठं घेतेस बैल? ठेवणार कुठं, झेरॉक्सवर?”

“सांगा ना.”

धाऊनं शेंग मोडली. “विकणारा आपले भाचे-पुतणे आणून उभे करतो. एक जण वशिंड चाचपतो, एक दात बघतो. ती बघून खरी गिऱ्हाइकं येतात. मग त्यांना बघून आणिक येतात. गर्दी मोजायची नाय. त्यात एकटा कोण आला, कुणाला न बघता, तो हुडकायचा. त्याला इचारायचं.”

“आणि तसा कुणी नसला तर?”

“नसला तर घरी यायचं. जत्रेत भजी मिळतात, ती खायची नि यायचं.” त्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं. “जेवलीस का तू?”

ती जेवली नव्हती आणि थांबलीही नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं शटर उघडलं, पण आत गेली नाही. कुरियरच्या टेम्पोची वाट बघत नाक्यावर उभी राहिली. टेम्पो हनुमान चालवतो. वरच्या पाड्यांवर तो जात नाही. नाक्यावर थांबून फोन करतो आणि लोक खाली येऊन सामान घेऊन जातात. त्यामुळं या पट्ट्यात कुणी काय मागवलं हे हनुमानाला माहीत, दुसऱ्या कुणाला नाही.

“हनुमान, तो काळा यूपीएस कुणाकुणाला दिलास रे?”

“ताई, नावं सांगता येत नाय. कंपनीचा रूल आहे.”

“तुझ्या फोनचा डिस्प्ले कुणी बसवला?”

हनुमान हसला. “तुमी पण ना. तो डबा विसरेन कसा? बाकीची खोकी हवेनं भरलेली असतात, हे एक धोंड्यासारखं. डोंगर उचलायला ठेवलाय ना मला, नावच तसं.” तो बोटांवर मोजू लागला. “पंचायतीचा. शाळेचे चार. वैशाखऱ्याचा गणू. दूध डेअरी. मोरोशीचा तो फोटो स्टुडिओ. तुमच्या नणंदेच्या गावातला क्लासवाला, त्याचे पाच...”

एकेका नावाला अनिता मान हलवत होती. पंचायतीला मी सांगितलं. शाळेलाही मीच. गणूला मी. डेअरीच्या सेक्रेटरीनं गणूचा बघून फोन केला, हो म्हटलं मी. क्लासवाल्याला मी.

हनुमान थांबला. “मंग मला कशाला इचारता? सगळे तर तुमचेच.”

“त्याच्या आधी? गणपतीच्या आधी सहा गेले होते, ते कुणाचे?”

“तेव्हा मी या रूटला नव्हतो. माझ्या आधीचा गडी सोडून गेला वापीला.” त्यानं टेम्पोचं दार ओढलं. “एक किन्हवलीला दिल्याचं आठवतं. ऑनलाइन फॉर्म भरते ना, चंदा वहिनी, तिचा. आणि शहापूरचा रूट माझ्या भावाकडे आहे. तो बोलत असतो, तिकडं वाल्मिक कॉम्प्युटरला लय जातात.”

किन्हवली. शहापूर. तिथं तरी तिचा शब्द पोचलेला नसणार. तिनं शटर ओढलं, पंचायतीचा मेलेला डबा स्कूटीत पायाशी ठेवला आणि निघाली. सलूनवाल्यानं विचारलं, “कुठं?” तिनं नुसता हात केला.

सरळगावाहून किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना भेंडी होती. बायका तोडायला लागल्या होत्या. मोटारींचा आवाज गाडीच्या आवाजाच्या वर येत होता. रोज ऐकलेला आवाज, पण आज प्रत्येक मोटारीसरशी तिला कुठंतरी एखादा डबा टक् करत असणार असं वाटत राहिलं. किती? सेहेचाळीस? आणि त्यांतले मेलेले किती, हे कुठल्या ओळीत लिहितात? हिरवी ओळ घेतल्या दिवसाची असते. सहा महिन्यांनी विचारायला कुणी येत नाही.

चंदाचं दुकान किन्हवलीच्या बाजारपेठेत, एका जिन्याखाली. टेबलाखाली काळा यूपीएस होता. अनितानं स्वतःची ओळख नुसती ‘टोकावड्याची’ एवढीच दिली.

“वहिनी, हा कसा चाललाय?”

“एकदम मस्त. लाइट गेली की शिट्टी मारतो आणि बंद होतो.”

“बंद होतो?”

“हो. म्हणजे कळतं ना, लाइट गेली.”

अनितानं टेबलाखाली वाकून पाहिलं. “कॉम्प्युटर चालू राहतो का मग?”

“कॉम्प्युटर कसा चालू राहील? लाइट गेली ना!” चंदा तिला समजावण्याच्या सुरात म्हणाली. “आधी शिट्टी नव्हती, हल्ली मारतो. चांगला आहे. घ्या तुम्ही. आमच्या इकडं आणखी दोघांना मी सांगितला.”

“तुम्हाला कुणी सांगितला?”

“माझ्या नणंदेचा दीर आहे, डेअरीत. त्यानं. त्यांच्याकडं कुणी बाई आहे म्हणे टोकावड्याला, ती सांगते तोच घेतात सगळे.” चंदानं मान वाकडी करून पाहिलं. “तुम्ही ओळखत असाल.”

“असेन,” अनिता म्हणाली आणि जिन्याखालून बाहेर आली. डोकं वरच्या पायरीला आपटलं, तेही तिला नंतर कळलं.

उरला शहापूरचा वाल्मिक. तो तिला ओळखत नव्हता, डेअरीतल्या कुणाला ओळखत नव्हता. धाऊ म्हणत होता तसा एकटा आलेला माणूस असेल तर हाच. ऊन वर आलं होतं. तिनं वाटेत पाणी घेतलं ते उभ्यानंच प्यायलं.

वाल्मिकचं दुकान काचेचं, आत एसी. आसनगावहून लोकल पकडणारी नोकरदार मंडळी सकाळी लॅपटॉप टाकून जात आणि संध्याकाळी घेऊन जात. त्यांच्याशी बोलून बोलून त्याची मराठी अर्धी इंग्रजी झाली होती. अनितानं पायाशी आणलेला डबा काउंटरवर ठेवला.

“हा तुम्ही विकता?”

“मागवून देतो. बेस्ट आहे मॅडम. आपल्या एरियात टॉप.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

वाल्मिकला प्रश्नच आवडला नाही. “मला कुणी सांगायची गरज नाही. मी डेटा बघतो.” त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. हिरवी ओळ. सेहेचाळीस. “मी बघितला तेव्हा एकोणीस होते. आपल्या लाइटीवर, आपल्याच भागात एकोणीस जण घेतात म्हणजे काहीतरी बघूनच घेत असणार ना? मग मी अकरा मागवले. कस्टमरना.”

एकोणीस. दिवाळीचा सुमार. अनितानं मनात उजळणी केली: शाळेचे चार, क्लासचे पाच, पंचायत, गणू, डेअरी, स्टुडिओ. आधीचे सहा. एकोणीस होत होते.

“ते एकोणीस म्हणजे सहा आणि मी,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

तिनं सांगितलं. वाल्मिकनं एसीचा रिमोट उचलला, खाली ठेवला. “आणि तुम्ही कशावरून सांगत होता?”

“आकडा वाढत होता.”

“वा,” वाल्मिक म्हणाला. “म्हणजे तुम्ही मला बघून सांगत होता आणि मी तुम्हाला बघून मागवत होतो.”

“तुमच्याकडे परत आले का काही?”

तो पहिल्यांदा जरा घुटमळला. “तीन आले. बॅटरी बदलून दिली.”

“तीन आले आणि कुणाला बोलला नाही?”

“कुणाला बोलणार मॅडम? दुकानाच्या दारावर लिहू? तुमच्याकडे आलाय तो तुम्ही कुणाला सांगितलात?”

कालपासून तीही तेच करत होती. आकडा खोटा आहे की खरा, याच्यावर वाल्मिक थोडा वेळ बोलला. त्याचं म्हणणं, दुकानवाले वाट्टेल तो आकडा टाकतात. अनिताला तसं वाटेना. आकडा खरा होता, तीच पंचाईत होती. पहिल्या सहांचं मात्र दोघांनाही काही सांगता येईना. असतील कुणी, नसतील कुणी.

“सध्या कुणाला देऊ नका,” ती म्हणाली.

“नाही देत. प्रॉमिस. नंबर द्या तुमचा.”

बाहेर येऊन तिनं संजीवनीला फोन लावला. लागेना. परत लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. अभ्यासिकेत रेंज येत नाही, संजीवनी फोनवर बोलायला वरच्या टाकीपाशी येते, हे तिला माहीत होतं. आज शुक्रवार. ऑर्डर उद्या. संध्याकाळपर्यंत फोन लागला असता. पण तेवढा वेळ थांबणं तिला जमणारं नव्हतं. ती हायवेला लागली आणि आटगावावरून तानशाकडं वळली. पायाशी डबा खडखडत होता.

अभ्यासिका म्हणजे गटाची जुनी खोली, वर नवीन पत्रा. मुली रांगेनं बसल्या होत्या. संजीवनी दारात आली तीच हसत.

“ताई, तुमी! आज कशा? अहो, झालं काम.”

“कसलं काम?”

“टाकली ऑर्डर. आत्ता अर्ध्या तासापूर्वी टाकीपाशी गेले तर खाली लाल अक्षरात आलेलं, ‘फक्त तेरा शिल्लक’. म्हटलं उद्यापर्यंत जातील. टाकून दिली लगेच.” तिनं फोनवर घेतलेला फोटो पुढं केला. “आणि बघा, मी टाकली न टाकली तेवढ्यात आकडा कुठं गेला. अठ्ठावन्न! लोकं नुसती तुटून पडलीत. बरं झालं थांबले नाय.”

अनितानं फोटो बघितला. ‘मुरबाड-शहापूर परिसरात ५८ जणांनी घेतला’.

“संजीवनी, सेहेचाळीस आणि बारा किती?”

“अठ्ठावन्न.” संजीवनीचं हसू जागच्या जागी राहिलं. “म्हणजे?”

“तुटून पडलेली लोकं तूच आहेस.”

अनिता आत गेली. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर पंचायतीच्या डब्यावर जोडला. सकुबाई, गटाची अध्यक्ष, वय झालेली बाई, भेंडी तोडून नुकतीच येऊन टेकली होती. तिला अनितानं सांगितलं, “मावशी, ते मेन खाली करा.” मुलींनी ओरडा केला, पेपर चालू होता. सकुबाईनं खटका ओढला. डब्यानं शिट्टी मारली आणि डबा, कॉम्प्युटर दोन्ही काळे झाले.

“हा जुना आहे ना?” सकुबाई म्हणाली.

“सहा महिन्यांचा.”

“सहा महिन्यांत आमची कोंबडी दोनदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली, अजून धडधाकट आहे. हा काय मोठा म्हातारा नाय.”

संजीवनीला राग आला होता. तो कुणावर काढावा हे तिला ठरवता येत नव्हतं. “एखादा खराब निघतो, ताई.”

“मीही तेच म्हटलं होतं. वाल्मिकचे तीन परत आलेत. किन्हवलीला एक बाई आहे, तिचा मेलाय आणि तिला ते माहीतच नाही. हा पंचायतीचा. आणखी बघायचेत.”

“मग बाकीचे लोक काय वेडे?”

“वेडे नाहीत. त्यांनी मला बघून घेतला.”

“आणि तुम्ही कुणाला बघून सांगितलात?”

“त्यांनाच.”

मुली माना वळवून बघत होत्या. सकुबाईनं खटका वर केला, कॉम्प्युटर एकेक करून गुणगुणायला लागले आणि एका मुलीनं कपाळावर हात मारला. तिचा पेपर परत पहिल्या प्रश्नावर आला होता.

“बायकांना मी तुमचं नाव सांगितलंय,” संजीवनी शेवटी म्हणाली. “हात वर केले त्यांनी.”

“माहीत आहे.”

“मग आता कुठला घेऊ? ते तरी सांगा.”

हा प्रश्न येणार हे अनिताला शहापूरपासून माहीत होतं. तिनं वाटेत दोन-तीन नावं जुळवूनही बघितली होती. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कुठलाही एकच आणायचा. या खोलीत, या लाइटीवर, मोटारी चालू असताना लावून ठेवायचा. मग बघायचं.”

“परीक्षा तीन आठवड्यांवर आली.”

“परीक्षेआधी होणार नाही ते. तोवर पोरींना पहाटे बसव. मोटारी नऊनंतर लागतात.”

“पहाटे पाणी कोण भरणार? यांच्या आया?” सकुबाई म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “भरतील. भरून घेऊ.”

तिघी टाकीपाशी चढून गेल्या. संजीवनीनं फोन वर धरून रेंज पकडली आणि ऑर्डर रद्द केली. ‘का रद्द करताय’ म्हणून दुकानानं विचारलं आणि खाली चार कारणं दिली. त्यात तिचं कारण नव्हतं. तिनं ‘विचार बदलला’ दाबलं. पैसे परत येतील असा मेसेज लगेच आला. मग तिनं वस्तूचं पान पुन्हा उघडलं. हिरवी ओळ होती तशीच होती. अठ्ठावन्न.

“अजून कमी नाय झाला,” ती म्हणाली.

थोडं थांबून तिनं पान पुन्हा उघडलं. अठ्ठावन्न. सकुबाईनं डोळे बारीक करून स्क्रीनकडं पाहिलं. “वर जाताना झटक्यात गेला, नि उतरताना पाय दुखतात काय त्याचे?”

अनिताचा फोन वाजला. वाल्मिक.

“मॅडम, तुम्ही गेल्यावर मी सहज बघितलं,” तो घाईत बोलत होता. “अठ्ठावन्न झालेत! एका दिवसात बारा वाढले. तुम्ही सांगता माल खराब आहे आणि इकडं पब्लिक घेतच सुटलंय. तुमचं काहीतरी चुकतंय. माझ्यासमोर आत्ता एक कॉलेजवाले बसलेत, त्यांना दहा पाहिजेत. काय सांगू?”

“वाल्मिक, ते बारा इथंच आहेत. ऑर्डर रद्द केली.”

“रद्द केली असती तर आकडा खाली आला असता ना!”

“नाही येत.”

“असं कसं मॅडम? डेटा आहे तो. बारा जणांनी घेतलाय, माझ्या डोळ्यांसमोर दिसतंय.” मागून कुणाचा तरी आवाज आला, ‘घेऊन टाकू या हो’. “सांगा लवकर.”

अनितानं फोन कानापासून काढला आणि संजीवनीच्या हातात दिला. “तू बोल.”

संजीवनीनं पदर खोचला, रेंज जाऊ नये म्हणून टाकीच्या कडेला एक पाय वर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “हॅलो, मी ते बारा जण बोलतेय.”